वरचा मजला, डावीकडचं दार: सहा रात्रींच्या फ्लॅटचं प्रकरण

आधी पार्श्वभूमी सांगते. आम्ही पाच जण, मी, नवरा, दोन मुलं (९ आणि ५ वर्षांची) आणि सासूबाई, दुसऱ्या एका शहरात ॲपवरून भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये सहा रात्री राहिलो, कारण सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथे करायचं ठरलं होतं. फिरायला म्हणून गेलोच नव्हतो. हे आधी सांगून ठेवते कारण पुढे बिल्डिंगमधल्या लोकांनी आम्हाला जे समजून घेतलं त्यात आणि आम्ही जे होतो त्यात जो फरक होता, अर्धं प्रकरण त्या फरकात आहे. शहराचं, ॲपचं, फ्लॅटवाल्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

हॉटेल का नाही घेतलं, तर पाच माणसांना दोन रूम लागल्या असत्या, सासूबाईंना वेगळ्या रूममध्ये एकटं ठेवता आलं नसतं, आणि ऑपरेशननंतर डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब, खाली वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लावायचं नाही, म्हणजे कोणीतरी सतत जवळ पाहिजे. फ्लॅटमध्ये दोन बेडरूम, किचन, वॉशिंग मशीन, लिफ्ट. फोटो छान होते आणि रिव्ह्यूही बरे होते, ‘शांत रहिवासी भाग’ असं लिहिलेलं, तेवढ्यावर आम्ही बुकिंग केलं.

फ्लॅटवाल्याचा (त्याला होस्टच म्हणते आता) लांबलचक मेसेज आला, वायफायचा पासवर्ड, गीझरचं बटण, किल्लीच्या डबीचा कोड, ‘थर्ड फ्लोअर, डावीकडचं दार’, आणि अगदी शेवटी एक ओळ: कोणी विचारलं तर माझे नातेवाईक आहात असं सांगा. मी ती ओळ वाचली होती. वाचून पुढे गेले. वाटलं असेल काहीतरी, लोक चौकश्या करतात म्हणून लिहिलं असेल. या सगळ्या प्रकरणात मला स्वतःवर राग कशाचा असेल तर या ‘वाचून पुढे गेले’चा.

गाडी साडेतीन तास लेट. आम्ही बिल्डिंगशी पोचलो तेव्हा रात्रीचे पाऊण वाजले होते, धाकटा खांद्यावर झोपलेला, दोन मोठ्या चाकांच्या बॅगा. फरशीवरून त्या चाकांचा जो खडखडाट होतो ना, दिवसा कधी कानावरही येत नाही, पण रात्री पाऊण वाजता रिकाम्या पॅसेजमध्ये ट्रक आल्यासारखा वाटतो. लिफ्टमध्ये ३ दाबलं, बाहेर आलो, डावीकडचं दार. किल्लीची डबी कुठे दिसेना. पॅसेजचा लाइट बटण दाबलं की लागायचा आणि बघता बघता बंद व्हायचा, की परत भिंत चाचपडत बटण शोधा. नवऱ्याने होस्टला फोन लावला, स्पीकरवर, कारण हातात बॅगा. त्याने उचलला नाही. मग तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाला, दाराशेजारीच आहे, नीट बघा. आम्हाला वाटलं आत कोणी केअरटेकर असेल. बेल दाबायला गेले तर बेलवर चिकटपट्टी लावलेली. म्हटलं बेल बिघडलीये वाटतं. म्हणून दार ठोकलं.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका काकांनी. ओरडले नाहीत हे विशेष. नुसता हात वर केला, बोट छताकडे, आणि दाराच्या वरच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर टकटक केलं. तेव्हढ्यात लाइट गेला. मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचलं: ‘तो फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. कृपया दार वाजवू नये.’ कागद पिवळा पडलेला होता, कोपरे परत परत चिकटवलेले.

झालं होतं असं, की होस्ट तळमजला सोडून मोजत होता आणि लिफ्टची बटणं मात्र तळमजल्यालाच १ धरून होती. त्याचा तिसरा म्हणजे लिफ्टचा चौथा. अमेरिकेत तळमजल्याला फर्स्ट फ्लोअर म्हणतात आणि ब्रिटनमध्ये त्याच्या वरच्याला, हे आपण शाळेत मजेमजेत शिकतो, पण इथे त्या एका आकड्याच्या घोळाची शिक्षा कायम एकाच घराला होत होती, कारण चुकलेला प्रत्येक माणूस बरोबर खालच्याच मजल्यावर, डावीकडच्याच दारात जाणार! मेसेजमध्ये ‘लिफ्टमध्ये ४ दाबा’ एवढे तीन शब्द लिहिले असते तर संपलं असतं. काकांनी नंतर सांगितलं की त्यांनी होस्टला हे दोनदा सांगून पाहिलं होतं, आणि मग चिकटपट्टी लावली.

वर गेलो, डबी सापडली, चार आकडे लावून खटका खाली ओढायचा असतो, तो अर्धवट ओढला तर उघडत नाही हे कळायला आणखी पाच मिनिटं. एकूण आमचा गृहप्रवेश पाऊण ते सव्वा, आणि दोन मजल्यांना माहीत होऊन.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, छान झालं, संध्याकाळी घरी. आता गंमत बघा. आम्ही रात्रीच्या प्रकाराने इतके ओशाळलो होतो की त्या दिवसापासून रात्री नऊनंतर घरात सगळे कुजबुजत होतो. टीव्ही बंद. मुलांना मोजे घालून चालायचं. आणि तरी तिसऱ्या दिवशी दुपारी लिफ्टमध्ये कागद लागला, ‘वरच्या मजल्यावरील पाहुण्यांनी आवाजाचे भान ठेवावे, कचरा दाराबाहेर ठेवू नये.’ कचऱ्याचं आमचं चुकलंच होतं, हॉटेलसारखी पिशवी दाराबाहेर ठेवली होती, खाली वेगळी खोली आहे आणि तिची किल्ली ड्रॉवरमध्ये आहे हे मेसेजमध्ये कुठेच नव्हतं पण विचारायला आम्हालाही तोंड होतं. पण आवाज? कुठला आवाज? मी खरंच चिडले. होस्टला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं की तुमच्याकडून काही आवाज नाहीये, माझ्या मीटरवर सगळं नॉर्मल आहे, ते लोक असेच आहेत, लक्ष देऊ नका.

हॉलमध्ये भिंतीवर एक पांढरी डबी होती, तो मीटर. (नवऱ्याला आधी कॅमेरा वाटला आणि त्याने त्याच्यावर नॅपकिन टाकला होता. मीटर बोलणं रेकॉर्ड करत नाही, फक्त आवाजाची पातळी मोजतो, पण तो लावलाय हे पाहुण्याला आधी सांगायला हवं, आम्हाला सांगितलं नव्हतं. घराच्या आत कॅमेरे लावायला एअरबीएनबीने (अशी घरं थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळवून देणारी कंपनी) ३० एप्रिल २०२४ पासून सरसकट बंदी केलीये, उघड सांगून लावले तरीसुद्धा. बाकी ॲपवर ज्याचे त्याचे नियम, बुकिंगआधी वाचावेत.)

आता आवाजाचं. दोघंही खरं बोलत होते, होस्टही आणि काकाही, आणि हे कळायला मला आणखी एक दिवस लागला. सासूबाईंना थेंब घालायचे म्हणजे उजेड पाहिजे, म्हणून डायनिंगची खुर्ची ओढून खिडकीशी न्यायची, त्यांना बसवायचं, मान मागे, एक थेंब, पाच मिनिटं थांबायचं, दुसरं औषध, मग खुर्ची परत ओढून जागेवर, कारण वाटेत राहिली तर त्यांना एका डोळ्याने दिसणार नाही आणि अडखळतील. म्हणजे दिवसातून सहा वेळा, जाऊन येऊन बारा वेळा, चार लाकडी पाय टाइल्सवरून. आणि खाली बरोबर त्याच खोलीखाली काकांची मुलगी झोपायची, दिवसा, कारण तिची नाइट शिफ्ट.

बोलण्याचा, टीव्हीचा आवाज हवेतून जातो, तो भिंत आणि स्लॅब बऱ्यापैकी अडवतात. पण ओढलेली खुर्ची, टाच, खाली पडलेलं खेळणं यांचा धक्का सरळ स्लॅबलाच बसतो आणि खालच्या घराचं छतच स्पीकरसारखं वाजतं. वरच्याला किरकोळ खर्रर्र, खालच्याला डोक्यावर ड्रिल. होस्टचा मीटर खोलीतल्या हवेतला आवाज मोजत होता आणि तोसुद्धा काही मिनिटं सलग चढा राहिला तरच त्याला अलर्ट, म्हणजे पार्टी पकडायचं यंत्र ते. खुर्ची दोन सेकंदांची. त्याला दिसणारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये झोपायच्या खोलीत सलग आवाज ३० डेसिबलच्या आत आणि मधेच होणारा एखादा आवाज ४५ च्या आत असावा असं आहे, मधेच होणाऱ्या आवाजाचा वेगळा आकडा दिलाय तो उगाच नाही, झोप मोडते ती बहुतेक वेळा तसल्याच आवाजाने. आणि ‘रात्री १० ते सकाळी ७ शांतता’ हा नियम जो प्रत्येक फ्लॅटच्या दारामागे लावलेला असतो त्याचा दिवसा झोपणाऱ्या माणसाला शून्य उपयोग. आम्ही तो नियम अगदी काटेकोर पाळून एका माणसाची तीन दिवस झोप घालवली.

पण हे कळलं कसं ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या संध्याकाळी मुलांना घेऊन खाली जात होते, लिफ्टमध्ये एक बाई भेटल्या, हसून विचारलं, कोणाकडे आलात? मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, ‘आम्ही हे घर ॲपवरून घेतलंय, बाबा म्हणाले कोणाला सांगायचं नाही.’ त्यानंतर ती लिफ्ट तळमजल्याला पोचायला एक वर्ष लागलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. कमिटीचे एक गृहस्थ आणि मागे काका. गृहस्थांनी पहिलाच प्रश्न टाकला, तुम्ही त्यांचे कोण? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मागे खुर्चीत सासूबाई, डोळ्यावर ती प्लास्टिकची जाळीची ढाल. आणि त्यांनीच उत्तर दिलं, ‘कोणी नाही हो. भाड्याने राहतोय सहा दिवस. माझा डोळा केलाय.’ सासूबाईंना होस्टची ती ओळ कोणी सांगितलीच नव्हती.

तो क्षण मी पुष्कळदा आठवलाय. गृहस्थ भांडायच्या तयारीने आले होते ते एकदम सैल झाले. म्हणाले, गेल्या वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं, सगळे चुलत भाऊ असतात त्यांचे. मग बसले. काका बसले नाहीत पण आत आले आणि छताऐवजी आमच्या फरशीकडे बघत राहिले, आणि विचारलं, ‘दिवसभर काय ओढता तुम्ही?’ मी खुर्ची ओढून दाखवली. त्यांनी डोळेच मिटले. ‘हं. हेच.’

कमिटीचं म्हणणं असं होतं की बिल्डिंगमध्ये असं रोजच्या भाड्याने द्यायला बैठकीत ठरवून मनाई केलेली आहे, होस्ट त्या बैठकीला आलाच नाही, तो स्वतः या शहरात राहतही नाही, त्याचे असे अजून फ्लॅट आहेत, आणि तुम्ही कायद्याने उद्या जायला हवं. आता उद्या म्हणजे कुठे? पाच माणसं, त्यातलं एक वाकू न शकणारं, आणि तपासणी अजून व्हायची. नवऱ्याने ॲपचं बुकिंग, पैसे भरल्याची पावती, सगळ्यांची ओळखपत्रं समोर ठेवली. गृहस्थांनी होस्टचा मेसेज बघायला मागितला आणि इथे मी थोडी अडखळले, कारण ती ओळ दाखवली तर होस्टला अडचण येणार आणि आमची अनामत रक्कम त्याच्याकडे. शेवटी दाखवली. फोटो काढू दिला नाही पण वाचू दिली. अजूनही मला हे पूर्ण बरोबर वाटत नाही आणि पूर्ण चूकही वाटत नाही.

शेवटी ठरलं की शनिवारी सकाळपर्यंत राहा, आमचा वाद त्यांच्याशी आहे. काकांनी मान हलवली म्हणून ठरलं, नाहीतर ते गृहस्थ तयार नव्हते.

यात कोणाची चूक किती याचा हिशोब मी नंतर बराच केला. होस्टने आम्हाला फ्लॅट दिला, तो त्याचाच होता. पण लिफ्ट, जिना, पॅसेज, कचऱ्याची खोली आणि खालच्या घरातली झोप ही त्याची एकट्याची नव्हती आणि तीसुद्धा त्याने त्याच पैशात आम्हाला देऊन टाकली होती, आणि ‘नातेवाईक सांगा’ ही ओळ म्हणजे त्या व्यवहारावर आमचीही सही घेणं होतं. एअरबीएनबीची सुरुवात २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाली ती दोन रूममेट्सनी भाडं परवडेना म्हणून स्वतःच्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले त्यातून. तिथे यजमान घरातच होते. पाहुण्याने खुर्ची ओढली तर त्यांनाच ऐकू जाणार. आमचा होस्ट मीटरवर ऐकत होता, दुसऱ्या शहरात बसून.

जगभर शहरांनी जे नियम केलेत ते बघितले तर रोख बहुतेक याच गोष्टीवर आहे. न्यू यॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी दिवसांसाठी घर द्यायचं तर नोंदणी पाहिजे, यजमान स्वतः तिथे राहत असला पाहिजे आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. आमच्यासारखं पाच जणांचं कुटुंब तिथे या पद्धतीने राहूच शकत नाही. लंडनमध्ये अख्खं घर वर्षाला ९० रात्रींपर्यंत, जास्त हवं तर वेगळी परवानगी. ॲमस्टरडॅमने २०१९ मध्ये ३० केल्या. पॅरिसमध्ये स्वतःच्या राहत्या घरासाठी १२० होते ते २०२५ पासून ९० केले. जपानने २०१८ च्या जूनपासून वर्षाला १८० दिवस आणि नोंदणी. सिंगापूरमध्ये तर खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीने देताच येत नाही. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांच्या फ्लॅटचे साधारण १०,००० परवाने २०२८ च्या नोव्हेंबरनंतर पुढे चालू ठेवणार नाही, तिथे मुद्दा घरांच्या भाड्यांचाही आहे, तो आमच्या प्रकरणात नव्हता म्हणून त्यात शिरत नाही. पण दवाखान्यासाठी, परीक्षेसाठी, बदलीच्या मधल्या दिवसांसाठी येणारा माणूस आणि पार्टीवाला माणूस हा फरक यातल्या रात्रींची संख्या मोजणाऱ्या नियमांना करता येत नाही हेही तितकंच खरं. एअरबीएनबीने पार्ट्यांवर २०२० मध्ये तात्पुरती आणि २०२२ मध्ये कायमची बंदी आणली, त्याने पार्टीवाले कमी होतील, खुर्ची ओढणारे नाही.

आता असा फ्लॅट पुन्हा घ्यायची वेळ आली (दुसरा डोळा आहे अजून) तर मी काय बघणार तर पहिलं म्हणजे ज्या शहरात नोंदणी लागते तिथे लिस्टिंगवर नोंदणी नंबर आहे का, नसेल तर नाही. होस्टला बुकिंगआधी ॲपच्याच चॅटमध्ये, फोनवर नाही, सरळ विचारणार की बिल्डिंगची परवानगी आहे का, म्हणजे उत्तर लेखी राहतं आणि मधेच बाहेर काढलं तर पैसे परत मागताना दाखवता येतं. लिफ्टचं बटण कुठलं, किल्ली कुठे, कचरा कुठे, खाली कोण राहतं. ‘नातेवाईक सांगा’ असं दिसलं तर त्याच मिनिटाला कॅन्सल. आणि रात्री उशिरा पोचणार असू तर पहिली रात्र साध्या हॉटेलात, रिसेप्शनला माणूस जागा असतो. ॲपच्या हेल्पलाइनला आम्ही चौथ्या रात्री फोन केला होता, त्यांनी तक्रार नोंदवून घेतली आणि दुसरी जागा शोधून देतो म्हणाले, पण जी दाखवली ती लिफ्ट नसलेली, मग नको म्हटलं. तक्रार घडल्या घडल्या नोंदवावी, घरी आल्यावर करू म्हटलं तर मुदत निघून गेलेली असते.

त्या रात्री, म्हणजे कमिटीचे गृहस्थ गेल्यावर, मी मुलांचे आणि नवऱ्याचे मोजे गोळा केले आणि डायनिंगच्या चारही खुर्च्यांच्या पायांना घातले, सोळा मोजे, रबरबँड लावून. जमिनीवर आदळणारा धक्का तिथेच मऊ केला तर स्लॅबपर्यंत पोचतच नाही, खालून छताला काही लावण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि जास्त चालणारं. थेंबांची खुर्ची खिडकीशीच ठेवून दिली आणि वाट मोकळी राहावी म्हणून टेबल सरकवलं (उचलून!). दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या दारावरून जाताना ते बाहेरच होते. म्हणाले, ‘झोपलीये.’ बस, एवढंच. मी पण काही बोलले नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. बॅगा उचलून नेल्या, चाकं जमिनीला लागू दिली नाहीत, नवऱ्याची पाठ दोन दिवस धरली होती त्याने.

होस्टने रिव्ह्यूमध्ये लिहिलं की पाहुणे घर स्वच्छ ठेवतात पण सूचना पाळत नाहीत. मी लिहिलं की घर चांगलं आहे, लिफ्टमध्ये ४ दाबा, बिल्डिंगची परवानगी आहे का ते विचारून घ्या. अनामत नवव्या दिवशी पूर्ण परत आली. त्याच्या आदल्या दिवशी त्याचा एक मेसेज आला होता, सोबत खुर्चीच्या पायांचा फोटो: हे मोजे तुमचे राहिलेत का, पाठवून देऊ?

मी म्हटलं, राहू द्या तिथेच.